चार वर्कर, ४३,७४० भेटी: क्वेरी शेड्युलरच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी

विषय एकदाचा पक्का झाला. समांतर ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये (जिथे माहिती टेबलांऐवजी एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या ऑब्जेक्टांच्या रूपात असते) एकाच क्वेरीचं, म्हणजे डेटाला विचारलेल्या एका प्रश्नाचं, काम एकाच वेळी चालणाऱ्या अनेक वर्करांना कसं वाटून द्यायचं, ते ठरवणारा शेड्युलर आम्ही दोघं, मी आणि माझा प्रकल्पातला जोडीदार, लिहिणार आहोत.

टेबलांच्या जगात या प्रश्नावर भरपूर काम झालंय. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या गामा यंत्रणेत ओळी हॅश करून (ओळीतल्या किमतीवरून गणिताने ठिकाण ठरवून) वेगवेगळ्या प्रोसेसरांवर पाठवत. १९९० मध्ये गॉट्झ ग्रेफे यांनी व्होल्कॅनो या क्वेरी यंत्रणेत 'एक्स्चेंज' ऑपरेटर (क्वेरीतली एक पायरी चालवणारा भाग) आणला. बाकीच्या ऑपरेटरांना समांतरतेची खबरही लागत नाही, सगळं वाटप हा एकटा सांभाळतो. फार देखणी कल्पना आहे. पण टेबलात ओळी किती आहेत ते आधी कळतं, त्यामुळे तुकडे पाडता येतात. ऑब्जेक्टचं तसं नाही. एक जोडणी (अनेक भाग मिळून बनलेला ऑब्जेक्ट) उघडली की आत तीन पॉइंटर, म्हणजे दुसऱ्या ऑब्जेक्टांचे पत्ते, निघतात, त्यातला एक उघडला की आणखी वीस. पुढचं काम आधीच्या कामाच्या पोटात असतं.

आणि हा नुसता पुस्तकी प्रश्न नाही. स्टॅनफर्डजवळच्या स्लॅक प्रयोगशाळेतल्या 'बाबार' प्रयोगाने कणांच्या टकरींचा शेकडो टेराबाइट डेटा ऑब्जेक्टिव्हिटी या ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवला होता. तेवढ्या डेटात पॉइंटरच्या मागे एकेक करत जाणं परवडणारच नाही.

सरांनी एकच विचारलं, "तुमचा शेड्युलर नक्की काय ठरवणार? कोणतं काम, कधी, की कुठे?" मी वहीत तिन्ही लिहून घेतलं. खरं सांगायचं तर उत्तर माझ्याकडे नव्हतं.

११ जानेवारी

चाचणीसाठी ओओ७ बेंचमार्क (ऑब्जेक्ट डेटाबेस तपासायचा ठरलेला नमुना डेटा आणि क्वेरी) घेतला. कॅरी, डेविट आणि नॉटन यांचा, १९९३ चा. त्याचा 'स्मॉल' आकार आमच्या लॅबमधल्या मशीनवर आरामात बसतो. तो डेटा बनवणारा जनरेटर सी प्लस प्लसमध्ये लिहिला, दोन दिवस गेले.

रचना अशी: जोडण्यांचं सात पातळ्यांचं झाड, प्रत्येक जोडणीखाली तीन. वरच्या सहा पातळ्यांवर मिळून ३६४ जोडण्या, सगळ्यात खाली ७२९. खालची प्रत्येक जोडणी ५०० संयुक्त भागांमधल्या कुठल्याही तिघांकडे बोट दाखवते. प्रत्येक संयुक्त भागात २० सुटे भाग, आणि प्रत्येक सुट्या भागातून तीन दुवे निघतात.

बेंचमार्कमधली टी१ ही क्वेरी सगळं झाड फिरते. ७२९ गुणिले ३ म्हणजे संयुक्त भागांच्या २,१८७ भेटी, आणि गुणिले २० म्हणजे सुट्या भागांच्या ४३,७४० भेटी. हा आकडा मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय. कुठल्याही शेड्युलरने, कितीही वर्कर लावून, याच आकड्यावर यायला हवं.

एक गोष्ट जनरेटर चालवल्यावरच जाणवली. ५०० भागांकडे २,१८७ बोटं, म्हणजे सरासरी प्रत्येकी साडेचारच्या आत. पण आमच्या डेटात सात संयुक्त भागांकडे एकही बोट नाही, आणि एकाकडे तब्बल बारा. आधी बग वाटला. जोडीदाराने कागदावर मांडून दाखवलं की यादृच्छिक वाटपात सहाएक भाग सरासरीने रिकामे राहणारच. मग ठीक आहे. त्या बारावाल्यावर मात्र लक्ष ठेवायचं ठरवलं.

१७ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी घेऊन परत आलो आणि पहिलं वाटप केलं: झाडाच्या फांद्या तोडून चार वर्करांना द्यायच्या. प्रश्न एवढाच, की कुठल्या पातळीवर तोडायच्या?

मुळाखाली तोडल्या तर तीन फांद्या, चौथा वर्कर रिकामा. त्याखाली ९: एकाला तीन, बाकीच्यांना दोन-दोन. आदर्श वाटा सव्वादोन फांद्यांचा, पण क्वेरी संपते तिसरी फांदी संपल्यावर, म्हणजे ७५ टक्के उपयोग. २७ फांद्यांवर आदर्श ६.७५, प्रत्यक्ष ७, म्हणजे ९६ टक्क्यांच्या वर. छान वाटलं, म्हणून आणखी बारीक केलं. ८१ फांद्या: आदर्श २०.२५, प्रत्यक्ष २१. भागून पाहिलं तर पुन्हा तेच ९६.४! तिपटीने बारीक तुकडे केले, रांगेतली नोंद तिपटीने वाढली, हाती काही नाही. २४३ वर गेलं की मग ६०.७५ ला ६१, साडेनव्याण्णवच्या पुढे.

'तुकडे जितके बारीक तितकं वाटप चांगलं' असं मी धरून चालले होते. चारने भाग जाताना काय उरतं यावरही ते अवलंबून आहे.

हे सगळं अचूक जमतं कारण ओओ७ मध्ये सगळ्या फांद्या अगदी सारख्या आहेत. खऱ्या डिझाइनमध्ये एक भाग म्हणजे स्क्रू असतो आणि दुसरा म्हणजे अख्खा गिअरबॉक्स.

२४ जानेवारी

म्हणून जनरेटरमध्ये असमान आकार टाकले आणि गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहॅम यांच्याकडे वळले. १९६६ मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी सिद्ध केलं की रिकाम्या हाताला यादीतलं पुढचं तयार काम देत गेलात तर लागणारा वेळ उत्तम वेळेच्या दुपटीपर्यंत कधीच जात नाही. नेमकी मर्यादा २ वजा १/म, जिथे म म्हणजे वर्करांची संख्या. तीन वर्कर, एकेका क्षणाची सहा कामं आणि शेवटी तीन क्षणांचं एक, असं घेतलं तर वेळ होतो ५. मोठं काम आधी घेतलं असतं तर ३. मर्यादा तंतोतंत गाठली.

त्यांच्याच लेखनातलं नऊ कामांचं उदाहरण आज सिम्युलेटरमध्ये चाचणी म्हणून घातलं. कामांचे वेळ क्रमाने ३, २, २, २, ४, ४, ४, ४, ९. पहिलं संपल्याशिवाय नववं सुरू होत नाही, आणि चौथं संपल्याशिवाय पाचवं ते आठवं. मला यात आमचंच झाड दिसतं. चौथं काम म्हणजे जोडणी उघडणं, तिच्या पोटातून चार कामं निघतात. पहिल्याच्या पोटात एकच, पण भलंमोठं.

तीन वर्करांवर सगळं १२ क्षणांत संपतं. जोडीदार म्हणाला, "चौथा लाव, बघू किती घटतं." लावला, तर १५ आले.

तासभर आम्ही कोडमध्ये चूक शोधत होतो. मग कागद घेऊन एकेक क्षण हाताने भरला. चार वर्कर असले की चौथं काम पहिल्याच क्षणी सुरू होतं आणि दुसऱ्या क्षणी संपतं, त्यामुळे पाच, सहा, सात लगेच मोकळी होतात आणि तिघे त्यांना लागतात. तिसऱ्या क्षणी पहिला वर्कर सुटतो, पण यादीत आठवं आधी आहे म्हणून तो ते उचलतो. नऊ क्षणांचं नववं काम सहाव्या क्षणापर्यंत ताटकळतं. सहा अधिक नऊ, पंधरा. सिम्युलेटर बरोबर होता.

नवव्याला आठव्याच्या आधी घेतलं तर चार वर्करांवरही १२ येतात, आणि त्याखाली जाणं शक्यच नाही, कारण पहिलं आणि नववं मिळूनच १२ होतात. म्हणजे लांब साखळी आधी हातात घ्यायची. पण नववं काम नऊ क्षणांचं आहे हे ग्रॅहॅम यांना ठाऊक होतं. मला पॉइंटर उघडेपर्यंत कळत नाही.

२ फेब्रुवारी

आकार आधी कळवायचा एक मार्ग: पॉइंटरसोबतच, पलीकडे अंदाजे किती पसारा आहे ते लिहून ठेवायचं. पूर्ण आकडा ठेवला तर मोठी पंचाईत होते. एका संयुक्त भागात एक सुटा भाग वाढला की त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या जोडण्या आणि त्यांच्या वरचे सगळे पूर्वज बदलावे लागतात.

त्यामुळे नेमका आकडा सोडला आणि फक्त दोनाच्या घातांची पायरी ठेवली, चार बिटांत मावेल अशी. २० भाग असतील तर पायरी १६ ते ३१ ची. आणखी अकरा भाग वाढेपर्यंत कुणालाच काही कळवावं लागत नाही. शेड्युलरला तेवढं पुरतं. स्क्रू आणि गिअरबॉक्स यांतला फरक त्याला कळला पाहिजे, एकोणीस आणि वीस यांतला नाही.

९ फेब्रुवारी

आजचा दिवस टी२बी मध्ये गेला. वाचन झालं होतं, आता अपडेट. ही क्वेरी टी१ सारखीच फिरते, पण प्रत्येक सुट्या भागाला भेटल्यावर त्याच्या एक्स आणि वाय या दोन आकड्यांची अदलाबदल करते.

अदलाबदलीचा एक गुण आहे: दोनदा केली की सगळं मूळ जागी. म्हणून तपासणी सोपी ठरवली. ज्या संयुक्त भागाकडे सम संख्येने बोटं आहेत त्याचे सुटे भाग क्वेरीनंतर होते तसेच दिसायला हवेत, विषम असतील तर उलटे. एका वर्करवर तपासणी पास. चार वर्करांवर नापास, आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी. आमच्या बारा बोटांच्या भागात मात्र जवळजवळ प्रत्येक रनमध्ये काहीतरी बिघडलेलं.

त्यातल्या एका सुट्या भागाचे मूळ आकडे एक्स ४१७, वाय ८६२. बारा अदलाबदलींनंतर तेच हवेत. मिळाले ८६२ आणि ८६२. आकडे उलटे झाले असते तर एखादी अदलाबदल वाया गेली म्हणता आलं असतं. इथे ४१७ डेटाबेसमधून नाहीसाच झाला होता.

पुन्हा कागद. पहिला वर्कर ४१७ बाजूला काढून ठेवतो आणि एक्सवर ८६२ लिहितो. तेवढ्यात दुसरा येतो, एक्समधून ८६२ बाजूला काढतो आणि वायमधले ८६२ एक्समध्ये लिहितो. पहिला परत येऊन वायवर ४१७ लिहितो. शेवटी दुसरा त्यावरच आपले ८६२ लिहितो. झालं. यानंतर कितीही अदलाबदली करा, दोन्हीकडे ८६२.

लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावायचा राहिला होता, एवढंच. पण ते पाहून पोटात गोळा आला. कुणाच्या तरी डिझाइनमधलं खरं माप असं, एकही एरर न दाखवता, पुसलं गेलं असतं.

१२ फेब्रुवारी

प्रत्येक संयुक्त भागावर एक लॉक लावला. तपासणी पास. एका वेळी एकच लॉक हातात असतो, त्यामुळे डेडलॉकची (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकून पडण्याची) भीती नाही. पण जो भाग जास्त लोकप्रिय, तिथेच वर्कर एकमेकांसाठी थांबतात. शेड्युलरने काम छान वाटून द्यायचं आणि लॉकने ते पुन्हा एका रांगेत उभं करायचं, असं चाललंय.

सरांशी बोलले. ते म्हणाले, "दोघांना एकाच वस्तूपाशी जाऊच का देतेस?"

त्यावरून दिशा बदलली. प्रत्येक संयुक्त भागाचं, त्याच्या सुट्या भागांसकट, एक घर ठरवायचं: चारपैकी एक वर्कर. त्या भागाला हात लावायचा तो फक्त त्या घरच्या वर्करने. इतरांना तिथे काम असेल तर त्यांनी पॉइंटर पाठवायचा, डेटा मागवायचा नाही. लॉकची गरजच उरत नाही, कारण एका घरात एका वेळी एकच काम चालतं.

उद्या हे वर्कर वेगवेगळ्या मशीनवर गेले तर याचा फायदा आणखी मोठा. शंभर पॉइंटर, प्रत्येकी ८ बाइट, एका मेसेजमध्ये पाठवले तर ८०० बाइट. त्याच शंभर ऑब्जेक्टांची आठ-आठ केबीची पानं (डिस्कवरून एका वेळी वाचले जाणारे डेटाचे गठ्ठे) मागवली तर ८ लाखांहून अधिक बाइट. हजारपट फरक. पॉइंटर गोळा करून, लावून मग एकदम सोडवायचे ही कल्पना शेकिटा आणि कॅरी यांच्या १९९० च्या पॉइंटर जॉइनच्या कामात आहेच. आम्ही तिला क्वेरीच्या फिरतीत आणतोय.

वहीतल्या पहिल्या पानावर 'कुठे' या शब्दाखाली रेघ मारली. 'कोणतं' आणि 'कधी' हे प्रत्येक घराने आपल्या रांगेपुरतं ठरवायचं.

१६ फेब्रुवारी

घरं बांधली आणि चारपैकी दोन वर्कर हात बांधून बसलेले दिसले. खालच्या जोडण्या वाचून झाल्या की त्यांच्याकडे एकही काम येईना.

घर ठरवताना ओआयडीला, म्हणजे ऑब्जेक्टच्या ओळख क्रमांकाला, चारने भागून बाकी घेतली होती. जनरेटर ओआयडी ओळीने देतो: एक संयुक्त भाग, एक दस्तऐवज, २० सुटे भाग, ६० दुवे. बेरीज ८२. म्हणजे एका संयुक्त भागानंतर पुढचा ८२ ने पुढे, आणि ८२ ला चारने भागलं की उरतात २. त्यामुळे बाकी कायम दोनच किमतींमध्ये झुलत राहते. अर्धी घरं जन्मतःच ओस!

आता संयुक्त भागाच्या स्वतःच्या अनुक्रमांकाने घर ठरतं. प्रत्येकी १२५ भाग. भेटींचा वाटा आमच्या डेटात ५६१, ५३२, ५४९, ५४५. आदर्श ५४६.७५, म्हणजे सगळ्यात व्यस्त घराच्या हिशेबाने ९७ टक्के. झाड तोडून केलेल्या २७ फांद्यांच्या वाटपापेक्षा थोडं सरसच, आणि वर लॉक गेला.

२३ फेब्रुवारी

टी१ ची बेरीज चुकतेय. दहापैकी सात रन ४३,७४०, बाकी तीन कमी: ४३,७२०, ४३,७००, पुन्हा ४३,७२०.

दोन दिवस रांगेच्या कोडवर संशय घेतला. मग जोडीदाराने तुटीकडे बोट दाखवलं: २०, ४०, २०. दर वेळी विसाच्या पटीत. सुटे भाग हरवत नाहीयेत, अख्खे संयुक्त भाग हरवताहेत. म्हणजे पॉइंटर निघाला आणि घरी पोचण्याआधीच क्वेरी संपल्याचं जाहीर झालं.

आमचा संपण्याचा नियम होता: चारही रांगा रिकाम्या, चारही वर्कर मोकळे, की संपलं. पण वाटेवर असलेला मेसेज कुणाच्याच रांगेत नसतो.

एका मशीनपुरता एक सामायिक मोजणी-आकडा पुरला असता: पाठवण्याआधी एक वाढवायचा, काम पूर्ण झाल्यावर एक घटवायचा. पण मशीन वेगळ्या झाल्या की सगळ्यांना त्याच एका दारात यावं लागेल. म्हणून डायक्स्ट्रा आणि शोल्टेन यांची १९८० ची पद्धत लिहिली. मोकळ्या वर्करला ज्याच्याकडून पहिला मेसेज येतो तो त्याचा पालक. बाकीच्यांना तो लगेच पोच देतो, पालकाची पोच मात्र राखून ठेवतो. आपण पाठवलेल्या सगळ्यांची पोच परत आली आणि आपली रांग संपली, की मगच पालकाला पोच. क्वेरी जिथून सुरू झाली त्या मुळाला सगळ्या पोचा मिळाल्या की क्वेरी खरोखर संपली. वाटेवरच्या मेसेजची पोच कुणीतरी अजून द्यायची असते, त्यामुळे तो विसरला जाऊच शकत नाही.

रात्री शंभर रन लावून घरी गेले. सकाळी शंभरही ४३,७४०.

१ मार्च

घराच्या आतलं 'कधी'. केलर, ग्रेफे आणि मायर यांनी १९९१ मध्ये 'असेंब्ली' ऑपरेटर मांडला: अनेक ऑब्जेक्ट एकाच वेळी जुळवायला घ्यायचे, त्यांचे उघडायचे राहिलेले पॉइंटर एका खिडकीत ठेवायचे आणि डिस्कच्या सोयीने उघडायचे.

छोटं उदाहरण घेऊन पाहिलं. एका घराच्या रांगेत आलेले पॉइंटर या पानांवरचे: ७, २, ७, ५, २, ७, ५, २, ७, ५. मेमरीत एकच पान मावतं असं धरलं. आले तसे उघडले तर दहा वाचनं. पाचची खिडकी ठेवून प्रत्येक खिडकीत पानं चढत्या क्रमाने घेतली तर तीन आणि तीन, सहा. दुसरी खिडकी उतरत्या क्रमाने घेतली, लिफ्ट वर जाऊन खाली येते तशी, तर पान ७ आधीच हातात असतं आणि वाचनं पाच. दहाची खिडकी असेल तर फक्त तीन.

मोठी खिडकी म्हणजे जास्त मेमरी, हे उघड आहे. उघड नव्हतं ते असं: खिडकी भरायची वाट पाहत एक घर थांबलं होतं, आणि त्याच्याकडून निघणाऱ्या पॉइंटरांची वाट पाहत बाकीची तीन. नियम बदलला. जे हातात असेल तेवढ्याचीच खिडकी, वाट पाहायची नाही.

८ मार्च

ओक्यूएल या ऑब्जेक्ट डेटाबेसच्या क्वेरी भाषेत साधा सिलेक्ट बॅग देतो, म्हणजे तीच वस्तू पुन्हा पुन्हा येऊ शकते, आणि डिस्टिंक्ट लावला की संच, म्हणजे प्रत्येक वस्तू एकदाच. संच मागितला असेल तर घराला एक सूट मिळते: आधी पाहिलेला संयुक्त भाग पुन्हा फिरायची गरज नाही. ४३,७४० च्या जागी ४९३ गुणिले २०, म्हणजे ९,८६० भेटी. घराची कल्पना इथेही कामाला आली, कारण 'आधी पाहिलाय का' याचं उत्तर त्याच घरात असतं, कुणाला विचारावं लागत नाही.

पण क्वेरीतली मेथड (ऑब्जेक्टवर चालणारं फंक्शन) काही बदलत असेल तर ही सूट घ्यायची नाही. टी२बी मध्ये बारा भेटींच्या जागी एक केली तर सम संख्येची अदलाबदल विषम होते आणि उत्तर चुकतं. मेथडला 'फक्त वाचते' अशी खूण सक्तीने मागायची असं ठरलं. खूण नसेल तर बदलते असंच धरायचं.

१४ मार्च

असमान आकारांवर परत आलो. पायरीची चार बिटं आता प्रत्येक मेसेजमध्ये पॉइंटरबरोबर जातात आणि घर आपल्या खिडकीत मोठ्या पायरीचं काम आधी घेतं. ग्रॅहॅम यांच्या नऊ कामांवर, चार वर्करांसह, आता १२ येतात.

एक घर ओसंडून वाहतंय आणि शेजारचं रिकामं, असं झालं तर? जोडीदाराचं म्हणणं, रिकाम्याने काम उचलून न्यावं. माझा विरोध होता, कारण त्यातूनच ८६२ आणि ८६२ आले होते. बराच वाद झाला. शेवटी दोघांना पटेल तिथे आलो: 'फक्त वाचते' अशी खूण असलेलं काम शेजारी नेऊ शकतो, आणि तेही क्वेरीत कुठेच अपडेट नसेल तर. अपडेट घरीच होणार, मग शेजारी कितीही मोकळा असो. त्यात वेळ जातो, हे मला मान्य आहे.

२१ मार्च

सरांसमोर शेवटचा रन. टी१ एक, दोन, तीन आणि चार वर्करांवर: चारही वेळा ४३,७४०. टी२बी चार वर्करांवर, लॉकशिवाय. सम आणि विषम दोन्ही तपासण्या पास.

सरांना बारा बोटांच्या संयुक्त भागातला तो सुटा भाग उघडून दाखवला. एक्स ४१७, वाय ८६२.